पडवीवरची कोरी हजेरी

बाई,

तुम्हाला लिहायचं मी किती वर्षं टाळते आहे ते विचारू नका. दर वेळी मध्येच काहीतरी यायचं. एकदा कागद घेऊन बसले तर समोरच्या फणसावर वांदरं उतरली, आणि त्यांना हाकलायला म्हणून गेले ती संध्याकाळीच परत आले. एकदा जोयड्याच्या स्टँडवर बसून दोन ओळी लिहिल्या, तेवढ्यात कुंभारवाड्याची जीप सुटायला लागली, आणि सुटणारी जीप दिसली की माझे पाय माझं ऐकत नाहीत हे तुमच्याइतकं कुणाला माहीत आहे. त्या दोन ओळी त्या जीपमध्येच राहिल्या. कुणी वाचल्या असतील तर त्यांना वाटलं असेल, कोण ही बाई आणि तिला कोण एवढं लाडानं लिहितंय. आज मात्र उठता येत नाही. आज मी तुमच्याच पडवीवर बसले आहे, बांधून घातल्यासारखी, कारण आज कोरी हजेरी आहे आणि जिची आहे तीच अजून आलेली नाही.

ती गुरांची डॉक्टर. इथल्या सरकारी गुरांच्या दवाखान्यात असते. घर रामनगरला, सासऱ्यांचं किराणा दुकान, मूळची माणसं खानापूरकडची. पहिली मुलगी झाली, ती आता नऊ महिन्यांची. बाळंतपणाची रजा संपली, त्याला जोडून घेतलेली दुसरी रजाही संपत आली. सोमवारी एक तर हजर व्हायचं, नाहीतर राजीनामा द्यायचा, तिसरी वाट उरलेली नाही. बेळगावात नवऱ्याच्या ओळखीनं एका विम्याच्या ऑफिसात टेबलाचं काम जवळजवळ ठरलं आहे. मेलेल्या गुरांचे फोटो बघायचे आणि दावा खरा की खोटा ते सांगायचं, तेही बरेचसे दिवस घरी बसून. गेल्या आठवड्यात आली तेव्हा पायरीवरूनच म्हणाली, "मी सोडणारच हाय. पण कुणीतरी सांगितलं, सोडायच्या आधी तुझ्या पडवीवर एक दिवस बसून ये." मी तुमचाच नियम सांगितला. दमलेल्या दिवशी राजीनामा द्यायचा नाही. आधी कोरी हजेरी, मग काय ते. शुक्रवारी येते म्हणाली. आज शुक्रवार. पहिली बस येऊन गेली, दुसरीची वेळही टळली. धुकं निवळलं. शेतात कापलेल्या भाताच्या उडव्या दिसायला लागल्या. फाटकाशी कुणी नाही.

वाट बघताना मला पहिल्यांदा तुमचे बूट आठवतात. सहावारी साडी आणि खाली पांढरे कॅनव्हासचे बूट. जोयड्याच्या शाळेत ड्रिल घेणाऱ्या तुम्ही एकट्याच बाई, आणि बाकीची पोरं टीचर म्हणायची तरी मी बाईच म्हणत राहिले. तिसऱ्या तासाला मी कंपाउंडच्या भिंतीवरून उडी मारून पळाले आणि नेमकी तुमच्या पुढ्यात पडले, तो दिवस आठवतो? मला वाटलं आता छडी. तुम्ही माझ्या पायाकडे बघितलंत. "चपला घालून पळतीस व्हय? पाय मोडंल की." एवढंच. दुसऱ्या दिवशी तुमचे जुने बूट आणून दिलेत, मला दोन बोटं मोठे होते. "म्होरं कापूस कोंब. पळायचंच हाय तर नीट पळ." मला शाळेत ज्यांनी ज्यांनी शिकवलं त्या सगळ्यांनी बसायला शिकवलं. नीट पळायला एकट्या तुम्हीच शिकवलंत. पुढे दहावीत मी गणितात आपटले, परत बसले, परत आपटले, आणि मग नादच सोडला. पण ते बूट मी नदीवर, डोंगरात, तीन राज्यांत घातले, अगदी तळ सुटेपर्यंत.

कोरी हजेरी तुम्ही कुठून काढलीत ते तुम्ही मला याच पडवीवर सांगितलंत, आणि सांगताना इतक्या हसलात की धणे-जिऱ्याच्या कशायचा पेला हिंदकळून साडीवर सांडला. तुमचा मुलगा तेव्हा तान्हा होता. रजा संपवून तुम्ही हजर झालात तो दिवस नेमका पंधरा ऑगस्टच्या परेडच्या तालमीचा. अख्खी शाळा मैदानात रांगेत, हेडमास्तर खुर्चीवर. तुम्ही शिट्टी तोंडाला लावली, श्वास भरला, आणि दूध सुटलं. ब्लाउज भिजला, पदर भिजला. पुढच्या रांगेतल्या मुलींना दिसलं. "मग काय केलंत?" मी विचारलं. "काय करणार? हजेरीचा पुठ्ठा छातीला लावला आन् शिट्टी वाजवली. एक दो एक. परेड काय थांबती व्हय माझ्या दुधासाठी?" मग हसता हसता थांबलात आणि म्हणालात की परेडसाठी आपण पोरांची आठवडाभर तालीम घेतो, कुठे उभं राहायचं, कुठे वळायचं, सगळं पाठ करून घेतो. बाई मात्र बाळंतपणानंतर कामावर येते ती थेट परेडलाच. तिची तालीम कुणी घेत नाही.

म्हणून तुम्ही ती घ्यायला लागलात. आधी शाळेतल्याच मास्तरणी यायच्या, मग दवाखान्यातली सिस्टर, मग बँकेतली, तालुका कचेरीतली. नियम सगळ्यांना सारखे. ज्या बसनं कामावर जाणार त्याच बसनं यायचं. कपडे कामावरचे, पदर पिन लावून, गळ्यात ओळखपत्र असेल तर तेही. डबा हवा. बाळ घरी, ज्याच्याकडे राहणार त्याच्याकडेच, कारण तालीम त्याचीही असते. आणि मग दिवसभर या पडवीवर खुर्चीत बसायचं, काहीही न करता, पाचपर्यंत. परत ज्या बसनं जायचं त्या बसनं घरी. बायका म्हणायच्या, काहीच करायचं नाही तर मग बसायचं कशाला? तुम्ही म्हणायचात, काम तुला येतंयच, त्याची कसली तालीम? घरातनं निघायची आणि दिवस काढायची तालीम कर.

आली, बाई. आत्ता फाटकाची कडी वाजली. पांढरा अ‍ॅप्रन, कडक इस्त्रीचा, हातात डबा, आणि तोंड असं की आत्ताच कुणाशी तरी भांडून आली आहे.

"उशीर झाला," म्हणाली. "जगलपेटच्या पुढं गवा बसला होता रस्त्यात. ड्रायव्हर हॉर्न पण वाजवत न्हवता. म्हटलं उतरून मी उठवते, तर कंडक्टर म्हणतो, मॅडम, तुमी रजेवर हाय."

"मग?"

"मग काय. रजेवर हाय तर रजेवर. गवा त्याच्या मर्जीनं उठला." खुर्चीत बसली. थोड्या वेळानं म्हणाली, "खरं सांगू? पहिली बस डोळ्यांदेखत सोडली. परत फिरले तर घरात तमाशा, म्हणून दुसरीत बसले."

सासूला ती अत्ती म्हणते. अत्ती गेले महिनाभर एकच वाक्य बोलतात म्हणे. "मी बी सोडली की नोकरी. माझं काय अडलं?" लग्नाआधी त्या खानापुरात बालवाडीवर शिकवायच्या. पहिलं मूल झालं आणि सुटली, विषय संपला. आज सकाळीही ते वाक्य झालं. वर, अशी रिकामी खुर्ची उबवायला कुणी बसभाडं घालवतं का, हेही झालं. नवरा म्हणे वर्तमानपत्रात डोकं घालून बसला होता. मी फोन मागितला आणि तुमच्या रीतीनं तांदळाच्या डब्यात पुरला. तुमच्या वेळी असे फोन फार नव्हते, तुम्ही घड्याळं ठेवायचात त्या डब्यात. डब्याकडे बघून ती म्हणाली, "तांदूळ शिजवताना काढ म्हंजे झालं."

आता ती बसली आहे आणि मी लिहिते आहे. मध्येच तिनं विचारलं, "काय लिहायलीस गं?"

"पत्र."

"कुणाला?"

"आमच्या बाईंना. ही पडवी त्यांची."

"कुठं असतात?"

"तुम्ही बसलाय त्या खुर्चीत असायच्या. आता नाहीत."

ती दचकून अर्धी उठली. मी म्हटलं, बसा, बसा, त्यांना उभं राहायचीच सवय होती. हसली मग. सकाळपासून पहिल्यांदा.

खरं तर या खुर्चीत तिच्याआधी सगळ्यात जास्त मीच बसले आहे. शाळा सुटल्यावर मला दांडेलीकडच्या एका रिसॉर्टच्या रिसेप्शनवर काम मिळालं, तेव्हा तुम्ही माझी कोरी हजेरी घेतलीत. मी म्हटलं, मला कुठं पोर झालंय? तुम्ही म्हणालात, पहिला दिवस पोर झालेल्यांनाच असतो व्हय? त्या दिवशी तुम्ही तुमचाच नियम मोडलात. फाटकातून पुन्हा पुन्हा आत यायचात, दर वेळी नवीन गिऱ्हाईक होऊन. एकदा डोक्याला टॉवेल गुंडाळून आलात, "नमस्कार, खोली हाय काय?" मी म्हटलं, "हाय की बाई, घर तुमचंच." तुम्ही शिट्टी वाजवलीत. "गिऱ्हाइकाला बाई म्हणायचं न्हाई. पुन्हा." ते काम मी पावसाळ्यापर्यंत केलं. मग नदीवर राफ्ट वल्हवायला गेले, मग कुळगीच्या कॅम्पात स्वयंपाकघरात, मग गोव्याला, मग पार वर हिमाचलात. दर वेळी जायच्या आधी इथे येऊन एक दिवस बसले. लोक माझ्या आईला म्हणायचे, पोरगी एका जागी टिकत नाही. आई तुमच्याकडे रडायला आली. तुम्ही तिला काय सांगितलंत ते तिनं मला फार उशिरा सांगितलं. "तुमची पोर एकच गोष्ट शिकलीया, पहिला दिवस. तेवढ्यात ती सगळ्यांच्या म्होरं हाय. कधीतरी कुणाच्या कामाला येईल." बाई, मला शाबासकी अशी एकच मिळाली, तीही आईच्या तोंडून, तीही तुम्ही गेल्यावर. पण ती अजून पुरते आहे.

तुम्ही गेलात तेव्हा मी वर डोंगरात होते. परत आले तेव्हा सगळं आटोपलं होतं. घराला कुलूप. तुमचा मुलगा म्हणाला, मी तर परगावीच असतो, तू इथे असशील तेव्हा राहा, कौलं बघ, वाळवी बघ. मी म्हटलं, राहते थोडे दिवस. एका सकाळी कचेरीतली एक क्लार्क डबा घेऊन, पदराला पिन लावून पायरीवर उभी. तुम्ही गेल्याचं तिला कुणी सांगितलंच नव्हतं. "ड्रिलच्या बाई हायत काय?" मी नाहीत म्हणाले असते तर ती परत गेली असती. पण तिची परतीची बस पाचशिवाय नव्हती. मी खुर्ची पुसली आणि म्हटलं, बसा.

तेव्हापासून हे असं चालू आहे. आता तर जवळच्या होमस्टेवर उतरणाऱ्या बायकाही विचारतात. मध्यंतरी पुण्याहून एक आल्या होत्या. त्या शहरात हेच करतात, त्याला करिअर कोच म्हणतात. ऑफिसातल्या बायकांना बाळंतपणानंतर परत कसं रुजू व्हायचं, काम बदलायचं तर कसं बदलायचं, ते शिकवतात. चांगल्या बाई. आपल्या रीतीला हसल्या नाहीत, उलट एक दिवस स्वतःच बसून बघितलं. त्यांच्याकडून मी एक गोष्ट उचलली. रुजू व्हायच्या आधी ऑफिसात जाऊन नुसता चहा पिऊन यायचा, पहिल्या महिन्यात काय झेपेल आणि काय नाही ते साहेबांशी आधीच तोंडावर बोलून ठेवायचं. तुम्हाला पटलं असतं. त्या या डॉक्टरलाही भेटल्या होत्या, होमस्टेच्या गाईला ताप आला होता म्हणून ही रजेतच बघायला आली होती. कुळगीला धनेशाची मादी ढोलीत स्वतःला कोंडून अंडी उबवते ते बघून त्या फार हळव्या झाल्या होत्या. म्हणाल्या, निसर्गातही बघा, आईला कशी रजा असते, नर बाहेरून चारा आणतो. डॉक्टर थर्मामीटर पुसत म्हणाली, "व्हय. आन् तिला रजेचा अर्ज करायला लागत न्हाई."

दुपार झाली. डबा उघडण्याआधी डॉक्टर चुलीमागच्या कोपऱ्यात जाऊन आली. तो कोपरा तुम्ही पडदा लावून ठेवला होतात, मीही लावला आहे, स्टीलचा पेला तिथेच असतो. छाती दुखायला लागली की बायका दूध काढायला तिथे जातात. तुमच्या परेडची आठवण म्हणून तो कोपरा आहे हे मी प्रत्येकीला सांगते, आणि प्रत्येक जण हसते, आणि मग जरा मोकळी होते. ही हसली नाही. बाहेर आली, डबा उघडला, बघत बसली. डब्यात दोन भाकऱ्या जास्त होत्या, बाजूला खोबऱ्याची चटणी वेगळी बांधलेली. "हे कुणी भरलं? मी दोनच टाकल्या हुत्या," असं स्वतःशीच म्हणाली, आणि रडायला लागली.

इथे मला तुमची आठवण सगळ्यात जास्त आली, कारण इथेच मी एकदा बोलणी खाल्ली आहेत. बँकेतली ती, जुळ्या मुलांची आई, अशीच रडत होती, आणि मी तिच्या पाठीवर हात फिरवून म्हटलं होतं, सगळं नीट होईल हो ताई. तुम्ही आतून आलात, तिच्या समोरच मला म्हणालात, "तुला काय ठाऊक? तू काय ज्योतिषी हाईस? उद्या न्हाई झालं नीट तर ही म्हणंल माझंच चुकलं. रडूदे तिला. तिच्या वतीनं तू बोलू नकोस." मला राग आला होता. दोन दिवस इकडे फिरकले नव्हते. आता कळतं. आज मी नारळ घेतला आणि खवत बसले, खवायची काही गरज नव्हती तरी. अर्धा नारळ झाला तेव्हा तिनं नाक पुसलं.

मग तुमचा प्रश्न विचारला. "आत्ता कशाची आठवण येते?"

"पोरीची. आणि कशाची येणार?"

"ते पहिलं उत्तर. ते सगळ्यांचंच असतं. दुसरं सांगा."

तुम्ही एकदा म्हणाला होतात की सगळी कोरी हजेरी या दुसऱ्या उत्तरासाठी असते, बाकी नुसतं बसणं. ती कॉलेजात शिकवणारी आठवते? दुसरं उत्तर द्यायला तिनं संध्याकाळ केली, आणि मग म्हणाली, "कशाचीच न्हाई. वर्गाची तर अजिबात न्हाई. मला ते काम पोराच्या आधीपासूनच नको होतं." तिला वाटलं तुम्ही रागवाल. तुम्ही उठून गूळ आणलात, सगळ्यांना वाटलात. म्हणालात, "बरं झालं. आता पोराच्या माथ्यावर खापर न्हाई." तिनं नोकरी सोडली, रोपवाटिका काढली. परवाच तिनं कोकमाची रोपं पाठवली, ती मी विहिरीपाशी लावली आहेत. कुणाला परत ढकलायचं नव्हतंच तुम्हाला. परत जाणारी आणि न जाणारी, दोघी इथून सारख्याच चालीनं फाटकाबाहेर जायच्या, मान वर.

डॉक्टरनं भाकरीचा तुकडा मोडला, हातातच ठेवला. मग हळूहळू बोलायला लागली. गाय गाभण आहे का बघताना खांद्यापर्यंत हातमोजा घालून आत हात घालतात, तेव्हा तिचे डोळे आपोआप मिटतात म्हणे. बाहेर मालक बडबडत असतो, गाय शेपूट मारत असते, आणि आत अंधारात बोटाला वासराचा खूर लागतो. जरा दाबलं की वासरू तो मागे घेतं. "आत कुणीतरी हाय. आणि तेवढा वेळ जगात ते मला एकटीलाच ठाऊक असतं." तिनं खरोखरच डोळे मिटले होते. "त्याची आठवण येते."

पुढचंही तिनंच सांगितलं. भीती वाटते म्हणाली. पोर झाल्यापासून हात मऊ झाला आहे, रोज तेल लावून लावून. अडलेली म्हैस सोडवताना जोर लावायचा असतो, दोरी लावून ओढायचं असतं, आणि आता त्या बाजूला झोपून काय होतं ते तिला ठाऊक झालं आहे. "आधी मी नुसती डॉक्टर हुते. आता म्हशीचं पण कळतंय. हात थांबला तर?" म्हणून विम्याचं टेबल. तिथे गुरं आधीच मेलेली असतात, हात लावावा लागत नाही.

बाई, तुम्ही असता तर इथे काय म्हणाला असता? मी फार वेळ विचार केला. मला म्हशीतलं काही कळत नाही आणि पोरातलंही नाही. मला पहिल्या दिवसातलं कळतं, तेवढंच तिला सांगितलं. राफ्टवर पहिल्या दिवशी माझा हात थांबला होता. मोठ्या लाटेच्या तोंडाशी वल्हं वर धरून मी तशीच बसले. पुढे बसलेला वयस्कर गडी मागे न बघता म्हणाला, थांबला तर थांबू दे, सोडू नको म्हणजे झालं. हात थांबतो आणि मग चालतो. सोडला तर मात्र वल्हं वाहून जातं. डॉक्टरनं ऐकलं. भाकरीचा तुकडा तोंडात टाकला. म्हणाली, "सोमवारी दवाखान्यात कंपाउंडर असतो. दोरी तो धरंल." थोडं थांबून, "म्हंजे, गेले तर." मग विचारलं, "पण घरात रोज सकाळी तेच वाक्य ऐकून निघायचं, ते किती दिवस जमंल गं?" याला माझ्याकडे नदीतली गोष्ट नव्हती.

आता ती डोळे मिटून बसली आहे. झोपली नाही, बोटं हलताहेत. उन्हं पडवीच्या कडेशी आली. शेजारच्या गोठ्यात रेडकू ओरडतं आहे, तिकडे तिचा एक कान आहे. पाचला अजून वेळ आहे, आणि ती काय ठरवेल ते मला माहीत नाही. तुम्हालाही दर वेळी माहीत नसायचं, एवढं मला आता कळलं आहे. तुम्हाला सगळं ठाऊक असतं असं मी समजायचे. तुम्ही फक्त खुर्ची मांडायचात आणि मध्ये बोलायचा नाहीत, आणि तेच किती अवघड असतं ते मी रोज बघते. मला तुमचे उपकार लिहायचे होते, बुटांचे, शिट्टीचे, आईला सांगितलेल्या त्या शब्दांचे. लिहायला बसले आणि भलतीकडेच गेले, नेहमीसारखी. हे पत्र कुठे पाठवायचं नाहीच, तेव्हा एक सांगून टाकते. हिमाचलातून परत बोलावणं आलं होतं, चांगलं काम होतं. मी जायच्या आधी एक दिवस रीतीप्रमाणे इथे बसले, स्वतःची कोरी हजेरी म्हणून. दुपारी स्वतःलाच विचारलं, कशाची आठवण येते. पहिलं उत्तर तुम्ही. दुसरं मात्र नदी नव्हती बाई. दुसरं ही फाटकाची कडी होती, सकाळी वाजते ती. मी गेले नाही. हे कुणाला सांगितलं नाही, आईलाही नाही. टिकलीस म्हणून ती पेढे वाटत सुटेल.

रामनगरची जीप थांबली आहे फाटकाशी. कुणीतरी उतरतं आहे. पाच वाजलेले नाहीत आणि आज दुसऱ्या कुणाची हजेरी नाही. वयस्कर बाई आहेत. धुवट सुती साडी, पदर खांद्यावर पिन लावून, काखेत पर्स, हातात डबा. डॉक्टर ताडकन उठली. "अत्ती? पोर कुठाय?"

"दुकानात. तुझ्या सासऱ्याच्या मांडीवर. गूळ मोजायचं सोडून घोडा घोडा करायलाय. फोन का उचलत न्हाईस?"

"तांदळात हाय."

अत्तींनी तांदळाचं काही विचारलं नाही. पायरीवर चपला काढल्या, जोडून ठेवल्या. सुनेकडे एकदा बघितलं, तिच्या अ‍ॅप्रनची बाही सरळ केली, आणि मग माझ्याकडे वळून, शाळेत पहिल्यांदा आलेल्या मुलीसारख्या हळू आवाजात म्हणाल्या, "रामनगरात बालवाडीला बाई पायजे म्हणत्यात. मला जमंल का न्हाई कुणाला ठाऊक, लई वर्षं झाली. मी कुठं बसू?"

पडवीवर खुर्च्या दोनच आहेत, बाई. एका खुर्चीत डॉक्टर होती, एका खुर्चीत मी. मी उठते आहे.